दोषशोधक, परयंत्रीय

दोषशोधक, परयंत्रीय : एका संगणकावर चालणारे, पण वेगळ्या रचनेच्या प्रक्रियकावरील (प्रोसेसरवरील) आज्ञावलीची तपासणी करणारे साधन. व्यवहारात यास क्रॉस डीबगर म्हणतात. चालू आज्ञावली हव्या त्या ठिकाणी थांबविणे, त्या क्षणी स्मृतीत व नोंदणीस्थानांत (रजिस्टरांत) कोणती मूल्ये आहेत ते दाखविणे, आज्ञावली एकेक पायरीने पुढे नेणे व चूक नेमकी कोठे उद्‌भवली ते शोधण्यास मदत करणे, ही कोणत्याही दोषशोधकाची कामे होत. तपासणारे यंत्र व तपासले जाणारे यंत्र भिन्न असले म्हणजे दोषशोधकाची बांधणीही त्यानुसार वेगळी करावी लागते. या बांधणीची रीत, तिचा इतिहास आणि महाराष्ट्रात तीसंबंधी झालेले काम यांची माहिती प्रस्तुत नोंदीत दिली आहे.

अशा साधनाची गरज एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. यवतमाळ जिल्ह्यातील वणी हे गाव वर्धा नदीच्या खोऱ्यातील दगडी कोळशाच्या पट्ट्यात वसलेले आहे. खाणीतून कोळसा घेऊन निघालेली मालमोटार इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर उभी राहते, तेव्हा काट्याच्या तळाशी बसविलेल्या भारसंवेदकांत निर्माण होणारा सूक्ष्म विद्युत् दाब अंकांत रूपांतरित केला जातो व एक लहान सूक्ष्मप्रक्रियक त्यावरून किलोग्रॅममधील वजन काढून ते पाटीवर दाखवितो. अशा प्रक्रियकाची स्मृती थोडी असते. त्यास स्वतःची तबकडी नसते व आज्ञावली लिहिण्याजोगा कळफलकही नसतो. त्यावर चालणारी आज्ञावली दूरच्या एखाद्या शहरात, मेजावरील संगणकावर लिहिलेली असते. ती भाषांतरित करणारा कंपायलरही त्या संगणकावरच चालतो. वजन चुकीचे दिसू लागल्यास दोष संवेदकात आहे, तारेत आहे की आज्ञावलीत आहे, याचा निर्णय प्रक्रियकाच्या आत पाहता आल्यावाचून होत नाही. काट्यावरील आकड्यावर विकणारा, घेणारा व वाहतूकदार या तिघांचाही हिशेब अवलंबून असल्याने हा निर्णय केवळ तांत्रिक राहत नाही.

प्रक्रियकांतील भेद : दोषशोधकास लक्ष्य-प्रक्रियकाविषयी पुष्कळ गोष्टी माहीत असाव्या लागतात. नोंदणीस्थाने किती, त्यांचा क्रम व रुंदी कोणती. आज्ञावली थांबविण्यासाठी मूळ आज्ञेच्या जागी कोणती आज्ञा ठेवावयाची. एका उपकार्यातून दुसऱ्यात जाताना परतीचा पत्ता कोठे ठेवला जातो. उपकार्याचे उत्तर कोणत्या नोंदणीस्थानात येते, या त्यांपैकी मुख्य होत. बाइटांचा क्रम हीदेखील अशीच एक महत्त्वाची बाब आहे. उदा., १२,३४५ ही संख्या दोन बाइटांत लिहिल्यास वरचा बाइट ४८ व खालचा ५७ असतो, कारण ४८ × २५६ + ५७ = १२,३४५. काही प्रक्रियक वरचा बाइट स्मृतीत आधी ठेवतात, तर काही खालचा. वरचा बाइट आधी ठेवणाऱ्या प्रक्रियकाची स्मृती उलट क्रम धरून वाचली, तर ५७ × २५६ + ४८ म्हणजे १४,६४० हे मूल्य दिसेल. काट्याने १२,३४५ किग्रॅ. वजन बरोबर मोजले असताही चुकीच्या बांधणीचा दोषशोधक २,२९५ किग्रॅ. जास्त दाखवील आणि तपासणारा निर्दोष आज्ञावलीत दोष शोधीत बसेल. म्हणूनच दोषशोधकाची बांधणी करताना लक्ष्य-प्रक्रियकाची निवड अचूक करणे हा सर्व कामाचा पाया ठरतो.

इतिहास : प्रारंभीच्या संगणकांत आज्ञावली ज्या यंत्रासाठी लिहिली जाई, त्याच यंत्रावर ती तपासली जाई. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक १९४९ साली कार्यान्वित झाला, तेव्हा आज्ञावलीतील चुका शोधण्याचे काम ती लिहिण्याच्या कामापेक्षा लहान नाही, ही गोष्ट मॉरिस विल्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आली. तेथील स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये आज्ञावलीचा मागोवा घेणाऱ्या तपासणी-आज्ञावलींविषयी निबंध प्रसिद्ध केला. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पीडीपी-१ या संगणकासाठी १९६० नंतरच्या काळात तयार झालेल्या डीडीटी या दोषशोधकामुळे संगणकासमोर बसून संवादाने चूक शोधण्याची पद्धत रूढ झाली.

मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधण्यात आलेला टिफरॅक हा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्या पिढीच्या संगणकांवर यंत्र, आज्ञावली व तपासनीस ही तिन्ही एकाच खोलीत असत. १९७० नंतर सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त होऊन मापनयंत्रे, दूरध्वनी, वाहने इत्यादींत बसविले जाऊ लागले आणि ही स्थिती पालटली. या लहान प्रक्रियकांवर कंपायलर किंवा दोषशोधक चालविणे शक्य नव्हते. त्यामुळे मोठ्या संगणकावर आज्ञावली तयार करून ती लहान प्रक्रियकात उतरविण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. प्रारंभी यासाठी लागणारी साधने बहुधा प्रक्रियकाचे निर्मातेच विकत. त्यांच्या किमती मोठ्या असत व ती ठराविक संगणकावरच चालत. प्रक्रियक विकत मिळाला, तरी त्याच्या आत पाहण्याची सोय निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून राही.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेल्या जीडीबी या दोषशोधकामुळे या स्थितीत मोठा बदल झाला. त्याचा मूळ मजकूर सर्वांस वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुला असल्याने नव्या प्रक्रियकाची माहिती त्यात कोणालाही घालता येऊ लागली. १९८९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या सिग्नस सपोर्ट या संस्थेने जीसीसी हा कंपायलर व जीडीबी हा दोषशोधक अनेक प्रक्रियकांवर नेण्याचे काम व्यवसाय म्हणून केले. १९९० ते १९९३ या काळात जीडीबीची देखभाल या संस्थेचे एक संस्थापक जॉन गिलमोर यांच्याकडे होती. एकाच मूळ मजकुरातून अनेक प्रकारच्या यंत्रांसाठी साधने बांधावयाची असल्यामुळे बांधणीपूर्वीच्या जुळणीची, म्हणजे ‘कॉन्फिगर’ या टप्प्याची, निश्चित पद्धत याच काळात आकारास आली. डेव्हिड मॅकेंझी यांनी १९९१ साली तयार केलेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने ती सर्वत्र पोहोचली.

तीन यंत्रे : या पद्धतीत तीन भूमिका मानल्या जातात. ज्या यंत्रावर मूळ मजकुराचे भाषांतर होते ते बांधणी-यंत्र (बिल्ड). बांधून तयार झालेले साधन ज्यावर चालेल ते यजमान-यंत्र (होस्ट) आणि ते साधन ज्या यंत्राच्या आज्ञावली हाताळील ते लक्ष्य-यंत्र (टार्गेट). प्रत्येक यंत्राचे नाव प्रक्रियक, निर्माता व कार्यप्रणाली अशा घटकांनी मिळून बनते. बांधणी-यंत्राचे नाव जुळणीची आज्ञावली स्वतः ओळखते. यजमान सांगितला नसल्यास बांधणी-यंत्र हेच यजमान धरले जाते व लक्ष्य सांगितले नसल्यास यजमान हेच लक्ष्य मानले जाते.

तिन्ही नावे एकच असल्यास साधन स्वयंत्रीय होय. बांधणी व यजमान एक आणि लक्ष्य वेगळे असल्यास ते परयंत्रीय होय. तिन्ही वेगळी असल्यास त्या बांधणीस ‘कॅनेडियन क्रॉस’ असे नाव आहे. हे नाव पडले त्या वेळी कॅनडात तीन राष्ट्रीय राजकीय पक्ष होते, यावरून ते आले असे सांगितले जाते. लिनक्स संगणकावर बांधलेला, विंडोज संगणकावर चालणारा व वजनकाट्यातील प्रक्रियक तपासणारा दोषशोधक हे या तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण होय.

जुळणी व बांधणी : यजमान व लक्ष्य यांची गल्लत ही या कामातील सर्वांत सामान्य चूक आहे. परयंत्रीय दोषशोधक हा यजमान-यंत्रावर चालणारा असल्यामुळे त्याच्या बांधणीस यजमानाचा नेहमीचा कंपायलर पुरतो. लक्ष्य-प्रक्रियकाचा कंपायलर त्यासाठी लागतच नाही. लक्ष्याचे केवळ नाव जुळणीच्या वेळी द्यावयाचे असते. त्यावरून त्या प्रक्रियकाची माहिती असलेल्या फाईली निवडल्या जातात. नवशिके बहुधा लक्ष्याचे नाव यजमानाच्या जागी देतात. मग जुळणीची आज्ञावली संपूर्ण दोषशोधकच त्या लहान प्रक्रियकासाठी बांधू पाहते व बांधणी थांबते.

लक्ष्य-यंत्र लिनक्ससारखी कार्यप्रणाली चालविण्याइतके मोठे असल्यास त्यावर जीडीबी सर्व्हर हा लहान सहायक ठेवतात. याच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट असते : तो लक्ष्य-यंत्रावर चालावयाचा असल्याने तेच यंत्र त्याचे यजमान ठरते व त्याची बांधणी परयंत्रीय कंपायलरनेच करावी लागते. म्हणजे एकाच मूळ मजकुरातून दोन वेगळ्या जुळण्या करून दोन भाग मिळवावे लागतात. २०२० मधील दहाव्या आवृत्तीपासून सहायकाचा भाग मूळ मजकुरात स्वतंत्र विभाग म्हणून ठेवण्यात आल्यामुळे तो वेगळा बांधणे सोपे झाले.

यजमान-यंत्र बांधणी-यंत्राहून भिन्न असल्यास आणखी दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे, जुळणीची आज्ञावली यंत्राचे गुण तपासण्यासाठी लहान चाचण्या भाषांतरित करून चालवून पाहते. परक्या यंत्रासाठी भाषांतरित झालेली चाचणी येथे चालत नाही, म्हणून काही उत्तरे आधीच लिहून पुरवावी लागतात. दुसरी म्हणजे, मोठ्या संख्यांच्या गणितासाठी लागणारे जीएमपी, एक्सएमएल वाचणारे एक्सपॅट यांसारखे आज्ञावली-संग्रहही यजमानासाठी आधी बांधून घ्यावे लागतात. ते न केल्यास बांधणी-यंत्रावरील त्याच नावाचा संग्रह चुकून जोडला जातो व शेवटच्या टप्प्यावर बांधणी फसते. मूळ मजकुराच्या आवारात बांधणी न करता प्रत्येक लक्ष्यासाठी स्वतंत्र निर्देशिका ठेवण्याची प्रथा यामुळेच पडली. बांधणीनंतर लक्ष्य-यंत्रावरील आज्ञावली-संग्रहांच्या प्रती यजमानावर कोठे ठेवल्या आहेत, तेही दोषशोधकास कळवावे लागते.

दोन यंत्रांमधील दुवा : यजमान व लक्ष्य यांमधील संभाषण क्रमवार तारेतून किंवा संगणकजालातून होते. जीडीबीच्या दूरसंवादाच्या नियमांनुसार प्रत्येक संदेश डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो व चौकटीच्या चिन्हानंतर येणाऱ्या, संदेशाची शुद्धता पडताळणाऱ्या दोन अंकांनी संपतो. नोंदणीस्थाने वाचणे, स्मृती वाचणे, पुढे चालू करणे व एक पायरी चालविणे यांसाठी एकेका अक्षराच्या आज्ञा आहेत. नियम इतके साधे असल्याने अगदी थोड्या स्मृतीच्या प्रक्रियकातही उत्तर देणारा भाग बसविता येतो. प्रक्रियक हाताशी नसल्यास त्याची नक्कल करणारी आज्ञावली वापरतात. हिताची या जपानी कंपनीच्या एच-८ व एसएच या प्रक्रियकांच्या अशा नकला जीडीबीबरोबरच मिळत असत.

महाराष्ट्रातील कार्य : १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या निर्यातनिर्बंधांमुळे भारतास महासंगणक मिळविणे अवघड झाले. या पार्श्वभूमीवर १९८८ साली पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅकची) स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झालेला परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये पूर्ण झाला. त्यात ब्रिटनमधील इनमॉस या कंपनीचे ट्रान्सप्युटर या जातीचे प्रक्रियक वापरले होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार दुवे असून शेजारच्या प्रक्रियकांशी तो त्यांतून बोलतो. आज्ञावली दुसऱ्या, यजमान संगणकावर भाषांतरित करून या दुव्यांवाटे आत सोडली जाते. म्हणजे परम ८००० हे लक्ष्य-यंत्रच होते आणि अनेक प्रक्रियक एकाच वेळी चालत असल्याने त्यातील चूक शोधणे अधिक कठीण होते. प्रक्रियक आयात करता आले, परंतु त्यांस एकत्र चालविणारी ‘पारस’ ही आज्ञावली-व्यवस्था केंद्रालाच तयार करावी लागली. पुढे ट्रान्सप्युटरचे उत्पादनच मागे पडले. परम मालिकेतील नंतरच्या संगणकांत इंटेलचा आय-८६०, सनचे स्पार्क जातीचे व आयबीएमचे पॉवर जातीचे प्रक्रियक आले. लक्ष्य बदलले की साधने पुन्हा जुळवावी लागतात, याचा अनुभव पुण्यात असा दीड दशकाच्या आतच अनेकदा आला.

यानंतरचे काम खासगी व्यवसायांत झाले. एआरसी या प्रक्रियकावर लिनक्स ही कार्यप्रणाली नेण्याचे प्रारंभीचे काम पुण्यातील कॉडिटो टेक्नॉलॉजीज या कंपनीतील अभियंत्यांनी २००४ च्या सुमारास केले. लिनक्सच्या मूळ मजकुरातील काही फाईलींच्या शिरोभागी त्याची नोंद राहिली आहे. पुण्यातीलच केपीआयटी या कंपनीने (२००२ ते २०१३ या काळात केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टम्स) हिताचीच्या व पुढे रेनेसस या कंपनीच्या एच-८, एसएच इ. प्रक्रियकांसाठी ग्नू साधनांचे तयार संच बांधून ते विनामूल्य वाटले व वापरणाऱ्यांस मदतही पुरविली. स्वतः बांधणी करण्याचे कौशल्य नसलेल्या अभियंत्यासही त्यामुळे कंपायलर व दोषशोधक थेट वापरता येऊ लागले.

याच कंपनीने नॅशनल सेमीकंडक्टर या अमेरिकन कंपनीच्या सीआर-१६ या प्रक्रियकासाठी केलेले काम विशेष उल्लेखनीय आहे. बिनतारी घरगुती दूरध्वनी इत्यादींत वापरल्या जाणाऱ्या या प्रक्रियकाची काही नोंदणीस्थाने १६ बिटांची, तर काही ३२ बिटांची आहेत; त्यामुळे त्यांचा क्रम व रुंदी दोषशोधकास तपशीलवार सांगावी लागते. सीआर-१६ साठीचा कंपायलर मार्च २०१२ मध्ये जीसीसीच्या ४.७ या आवृत्तीत समाविष्ट झाला. जीडीबीतील तत्संबंधीची फाईलही २०१२ सालची असून तिच्या शिरोभागी कंपनीच्या नावापुढे पुणे या गावाचे नाव छापलेले आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या दोषशोधकाच्या मूळ मजकुरात महाराष्ट्रातील एका शहराचे नाव असे नोंदले गेले.

शिक्षणाच्या क्षेत्रात मुंबई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेतील जीसीसी रिसोर्स सेंटर या केंद्राचे कार्य महत्त्वाचे आहे. उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली या केंद्राने घेतलेल्या कार्यशाळांत परयंत्रीय कंपायलरची जुळणी कशी करावी व नव्या प्रक्रियकाचे वर्णन टप्प्याटप्प्याने कसे वाढवीत न्यावे, हे प्रात्यक्षिकांसह शिकविले जाई. एरवी अभियंत्याने अभियंत्यास सांगत आलेली ही विद्या त्यामुळे अभ्यासक्रमाच्या रूपात मांडली गेली.

मर्यादा व महत्त्व : खुल्या मजकुरात एकदा घातलेली माहिती आपोआप टिकत नाही. मूळ साधनाची अंतर्गत रचना बदलत जाते व प्रत्येक प्रक्रियकाच्या फाईली तिच्याशी जुळवून घेणारा देखभालकर्ता लागतो. सीआर-१६ च्या कंपायलरला तो उरला नाही. २०२२ मधील बाराव्या आवृत्तीत त्यास कालबाह्य ठरविण्यात आले व २०२३ मधील तेराव्या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला. दोषशोधकातील फाईल त्यानंतरही काही काळ राहिली. म्हणजे प्रक्रियकाच्या आत पाहणे शक्य, पण दुरुस्त केलेली आज्ञावली नव्या कंपायलरने भाषांतरित करणे अशक्य, अशी विषम स्थिती निर्माण झाली. अशा वेळी जुन्या आवृत्तीचा मूळ मजकूर, तिच्या जुळणीची नेमकी आज्ञा व ती बांधू शकणारा संगणक हे तिन्ही जपून ठेवणे हाच उपाय उरतो. ती आज्ञा एका ओळीची असली, तरी ती हरवल्यास तीच साधने पुन्हा मिळविण्यास फार श्रम पडतात.

खाणीतील काटा, विजेचा मीटर, पाणीपुरवठ्याचा नियंत्रक यांसारखी यंत्रे वर्षानुवर्षे वापरात राहतात. त्यांची साधने बांधणारे व्यवसाय मात्र त्यामानाने लवकर बदलतात. अलीकडे रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले प्रक्रियक भारतातच रचण्यात आले आहेत; मद्रास येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेचा ‘शक्ती’ व सी-डॅकचा ‘वेगा’ ही त्यांची उदाहरणे होत. या आज्ञासंचाचा अंतर्भाव जीडीबीत २०१८ साली झाला. प्रक्रियकाची रचना आणि त्याच्या आत पाहण्याचे साधन ही दोन्ही खुली असल्यामुळे ट्रान्सप्युटर किंवा सीआर-१६ यांच्या बाबतीत आलेली अडचण बरीचशी कमी होऊ शकते. मात्र देखभाल करणाऱ्यांची परंपरा टिकविण्याची गरज त्यामुळे संपत नाही. प्रक्रियक विकत घेता येतो. त्याच्या आत पाहण्याचे साधन मात्र कोणीतरी बांधावे व सांभाळावे लागते, हे या विषयाच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.